लाप्शेव्निक : भाषांतर कीं वेषांतर ?

ज्या समाजांत भाषांतरकाराच्या एका चुकलेल्या शब्दावरून महिनेच्या महिने वाद रंगतात, त्याच समाजांत एका सबंध पदार्थाची ओळख पुसून टाकून त्याला मूळच्याच नांवानें पानांत वाढलें तरी कोणी हूं कीं चूं करीत नाहीं, ही मला मोठी चमत्कारिक गोष्ट वाटते. चेकॉव्हच्या कथेंतील एखादें विशेषण मराठींत उतरतांना गळलें, तर आम्ही प्राध्यापक मंडळी लेखणी सरसावून उठतों. परंतु चेकॉव्हच्या देशांत घरोघर होणारा 'लाप्शेव्निक' नांवाचा एक साधा, भट्टींत भाजलेला शेवयांचा पदार्थ आमच्याकडे 'रशियन बेक्ड नूडल्स' या नांवानें ज्या अवतारांत प्रकट होतो, त्यांत लाप्शेव्निकाचें म्हणून कांहींएक शिल्लक नसतें. पाकिटांतील नूडल्स, पिठाचा पांढरा सॉस, डब्यांतील अननस, सिमला मिरचीचे तुकडे, वर डोंगराएवढें किसलेलें चीज, आणि सर्वांवर कळस म्हणून लाल तिखटाची पखरण! पाहुणे 'वा!' म्हणतात, यजमानीणबाई कृतकृत्य होतात, आणि रशियन लोक असेंच कांहींतरी खात असावेत अशी सर्वांची समजूत होऊन बैठक मोडते.

ही समजूत खोटी आहे. आणि ती निरुपद्रवी आहे असेंहि मला वाटत नाहीं. परक्या समाजाची ओळख आपणांस दोन वाटांनीं होते. एक त्याच्या ग्रंथांतून येते, दुसरी त्याच्या रोजच्या जेवणांतून. पहिल्या वाटेवर आम्ही पहारे बसविले आहेत आणि दुसरी सताड उघडी टाकली आहे. कां ? तर पहिली वाट विद्वानांची, आणि दुसरी स्वयंपाकघरांतून जाणारी. चुलीपाशीं जें ज्ञान असतें तें ज्ञानच नव्हे, तेथें सर्व 'अंदाजपंचें' चालतें, अशी एक जुनी तुच्छता आमच्या सुशिक्षित मनांत दडून बसलेली आहे. लाप्शेव्निकावर होणारा अन्याय हें तिचेंच एक लहानसें फळ होय.

प्रथम हा पदार्थ आहे तरी काय, तें सांगतों. रशियन भाषेंत 'लाप्शा' म्हणजे पिठाची पातळ पोळी लाटून तिच्या कापलेल्या पट्ट्या. हा शब्द मूळचा तुर्की कुळांतला; तातारांच्या शेजारानें तो रशियनांत आला आणि इतका रुळला कीं आज कोणाहि रशियनास तो परका वाटत नाहीं. ही लाप्शा शिजवून तींत 'त्वोरोग', म्हणजे आंबलेलें दूध मंद तापवून व निथळून केलेला सौम्य आंबट छेना, अंडीं, थोडी साखर आणि मीठ कालवावयाचें, वर आंबट साय फांसावयाची आणि तो थर भट्टींत भाजावयाचा. झाला लाप्शेव्निक. त्वोरोग न घालतां नुसत्या दूध-अंड्यांतहि तो करतात. लाप्शेऐवजीं नळीची मॅकरोनी घेतली तर त्यालाच 'माकारोन्निक' म्हणतात व त्यांत कधीं कधीं खिमाहि पडतो. भट्टींत भाजलेल्या अशा सर्व थरांना सामान्य नांव 'झापेकान्का'. या नांवाच्या पोटांत जो 'पेक्' धातु आहे तो आणि आमचा संस्कृत 'पच्' हीं एकाच आजीचीं नातवंडें आहेत. आणि भांड्याला आंतून जो वाळक्या पावाचा चुरा लावतात त्याचें नांव 'सुखारी', त्यांत आपला 'शुष्क' व 'सुका' बसलेला आहे. भाषाशास्त्राच्या नादीं लागून मी विषयांतर करतों असें कोणी म्हणेल. म्हणो बापडा! ज्या पदार्थाच्या शब्दांशींच आपलें इतकें जवळचें नातें निघतें, त्याच्या अंगावर परक्याचीं लक्तरें चढवितांना निदान हात तरी कांपावा.

आतां प्रतिपक्षाकडे वळूं. पहिला आक्षेप मोठ्या ऐटींत घेतला जातो. रशियनांना स्वतःची पाककला आहेच कोठें, जें कांहीं आहे तें फ्रेंचांचें उष्टें, मग मूळ रूप जपावयाचें तें कशाचें ? या आक्षेपांत सोळा आण्यांपैकीं एक आणा सत्य आहे. कारेम हा प्रख्यात फ्रेंच आचारी १८१९ सालीं पीटर्सबर्गला जाऊन आला. १८६० नंतरच्या दशकांत मॉस्कोच्या 'एर्मिताझ' उपाहारगृहांत ऑलिव्हिए यानें जें सॅलड प्रसिद्धीस आणलें, त्याचेंच हाडमांस काढून घेतलेलें भूत आमच्याकडे गोड पांढऱ्या सॉसांत अननसासह 'रशियन सॅलड' म्हणून नांदत आहे. परंतु दरबारी मेजांवर काय वाढलें जात होतें यावरून राष्ट्राच्या पाककलेचा निकाल लावावयाचा, तर मग पेशव्यांच्या पंगतींवरून मावळांतील भाकरीचाहि निकाल लावावा लागेल.

रशियन स्वयंपाकाचा जनक कोणी आचारी नाहीं. तेथील भट्टी हीच त्या स्वयंपाकाची जननी. 'पेच' नांवाची ती विटांची प्रचंड चूल खेडुताच्या घराचा मोठा कोपरा व्यापून बसे, सारें घर ऊबदार ठेवी, आणि तिच्या माथ्यावर म्हातारीं-कोतारीं माणसें व पोरें निजत. सकाळीं तिच्यांत लांकडें जाळावयाचीं, निखारे बाजूस सारावयाचे, आणि मग विटांत सांठलेल्या, हळूहळू उतरत जाणाऱ्या आंचेवर दिवसभराचें अन्न शिजवावयाचें. आंच कडक असतांना पाव, मग धान्याच्या कण्या, मग तासन्‌तास तापत राहून तांबूस होणारें दूध. आमच्या चुलीवर जाळ खालून लागतो आणि स्वयंपाकिणीचा हात सारखा ढवळीत असतो. तेथें ऊब चोहोंकडून येते आणि हात स्वस्थ असतो. म्हणून आमच्याकडे फोडणी जन्मास आली आणि त्यांच्याकडे भाजलेला थर. दोन्ही ठिकाणीं व्याकरण आहे, पण तें निरनिराळें आहे. लाप्शेव्निकाला फोडणी नाहीं याचें ज्यांना वैषम्य वाटतें, त्यांनीं लॅटिन भाषेंत 'ळ' नाहीं म्हणूनहि दुःख करावें.

त्याबरोबरच तेथील पंचांगहि पाहिलें पाहिजे. ऑर्थोडॉक्स पंथाच्या कडक नियमानें चालणाऱ्या माणसाला वर्षांतील जवळजवळ दोनशें दिवस मांस, दूध आणि अंडीं वर्ज्य असतात. ईस्टरपूर्वींच्या मोठ्या उपासाआधींचा जो 'मास्लेनित्सा' आठवडा, त्यांत मांस सुटलेलें असतें, पण लोणी, दूध, अंडीं चालतात; चर्चच्या भाषेंत त्या सप्ताहाचें नांवच चीजवरून पडलें आहे. पुढें सात आठवडे तेंहि नाहीं. ज्या जिभेला दुधाचा स्पर्श इतका मोजून मापून होतो, तिला त्वोरोगाचा मंद आंबटपणा आणि सायीचा गुळगुळीतपणा ही केवढी चैन वाटत असेल, याची कल्पना बारा महिने तिखटानें बधिर झालेल्या आमच्या जिभेस यावयाची नाहीं. 'सपक' हें विशेषण पदार्थाचें नसून पुष्कळदां खाणाऱ्याचें असतें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो खुद्द रशियन माणसेंच घेतात. सोव्हिएट राजवटींत वाढलेल्या पिढ्यांपैकीं अनेकांना झापेकान्का म्हटलें कीं बालकमंदिरांतील आणि कारखान्याच्या भोजनालयांतील तो लोखंडी पत्रा, त्यावरचे करड्या रंगाचे चौकोनी तुकडे आणि वर ओतलेलें गुळगुळीत 'किस्येल' आठवतें, आणि त्यांचें तोंड वांकडें होतें. हा तिटकारा मी खोटा म्हणत नाहीं. सक्तीनें खावें लागलेलें पक्वान्नहि पुढें नकोसें होतें. आमच्या वसतिगृहांतून शिकून बाहेर पडलेल्या मुलाला भोपळ्याची भाजी विचारून पाहावी! परंतु दोष भोजनालयाचा आहे, भोपळ्याचा नाहीं. आणि येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. सोव्हिएट भोजनालयांसाठीं जो सरकारी कृतिसंग्रह होता, त्यांत प्रत्येक पदार्थाचें साहित्य ग्रॅमांत बांधून दिलेलें असे, आणि 'त्वोरोगाचा लाप्शेव्निक' हा त्यांतलाच एक. शिजविणाऱ्यानें लोणी कमी घातलें असेल, अंडीं घरीं नेलीं असतील. पण पदार्थाचें नांव, त्याची रीत आणि त्याचें प्रमाण त्या रुक्ष पुस्तकानें जपलें. ज्याला आम्ही नोकरशाहीचा कोरडेपणा म्हणून हंसतों, त्यानें एक घरगुती वस्तु बुडूं दिली नाहीं.

अचूकपणाची ही परंपरा सोव्हिएटांनीं निर्माण केली असेंहि नाहीं. येलेना मोलोखोवेत्स या गृहिणीनें 'तरुण गृहिणींस भेट' हा आपला ग्रंथ १८६१ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं रशियांतील भूदास मुक्त झाले त्याच वर्षीं, प्रसिद्ध केला. १९१७ पर्यंत त्याच्या दोन डझनांहून अधिक आवृत्त्या निघाल्या. क्रांतीनंतर हें पुस्तक म्हणजे खादाड भांडवलशाहीची खूण म्हणून टिंगलीचा विषय झालें. पुढें १९३६ सालीं अन्नखात्याचा मंत्री मिकोयान अमेरिकेंतील अन्नाचे कारखाने पाहून आला, आणि १९३९ त त्याच्या खात्यानें 'रुचकर आणि आरोग्यदायी अन्नाचें पुस्तक' काढलें, तेंहि गृहिणींसाठींच. एक बाई सरदार-सधनांच्या काळांतली, एक मंत्री साम्यवादी. राजकारणांत यांचें पाण्यांत तोंड पाहणें शक्य नव्हतें. तरी स्वयंपाकघरांत शेर-अदपाव किंवा ग्रॅम लिहून द्यावे लागतात, याविषयीं दोघांचें एकमत होतें. आणि आमच्याकडे एखादा परदेशी पदार्थ छापतांना 'चीज आवडीप्रमाणें, मसाला चवीप्रमाणें' असें लिहून लेखक मोकळा होतो. आवडीप्रमाणेंच सर्व घालावयाचें, तर मग कृति लिहावयाची ती कशाला ?

तिसरा पक्ष 'सुधारकां'चा. त्यांचें म्हणणें असें कीं, मूळ पदार्थ आमच्या जिभेला रुचत नाहीं, म्हणून तो आमच्या रुचीला अनुकूल करून घेतला. यांत बिघडलें काय? याला उत्तर देण्यासाठीं मला एक जुना रशियन साक्षीदार बोलवावासा वाटतो, आणि तो आपल्या कोंकणकिनाऱ्यावर उतरलेला आहे. त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन हा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चौलच्या बंदरांत आला, पावसाळ्यांत जुन्नरला अडकून पडला आणि पुढें बेदरला गेला. त्यानें लिहिलेलीं टिपणें उपलब्ध आहेत. दख्खनमधील हिंदूंच्या जेवणाविषयीं त्याचें मत चांगलें नव्हतें. तें निकृष्ट आहे असें त्यानें स्पष्टच नोंदविलें आहे. परंतु तो पुढें काय करतो पहा. हे लोक भात खातात, 'किचिरी' लोण्या-तुपाबरोबर खातात, निरनिराळ्या भाज्या तुपांत व दुधांत शिजवितात, उजव्या हातानें जेवतात, असें तो लिहितो. न आवडलेल्या पदार्थाचें नांव त्यानें आमच्याच तोंडचें ठेवलें आणि त्यांत काय असतें तें जसेंच्या तसें सांगितलें. खिचडींत डुकराचें मांस घालून, 'ही पहा दख्खनची सुधारलेली खिचडी' म्हणून त्यानें त्वेरच्या बाजारांत मांडली नाहीं. पांचशें वर्षांपूर्वींच्या एका घोडेविक्यानें पाळलेली ही सभ्यता आजच्या पदवीधरानें पाळूं नये काय ? नावडणें हा प्रत्येकाचा हक्क आहे. नावडत्याला आवडत्याचे कपडे चढवून त्याचेंच नांव सांगणें, हा कोणाचाच हक्क नाहीं.

मी रूपांतराचा शत्रु आहें असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊं नये. मराठी साहित्याचा निम्मा संसार रूपांतरावर उभा राहिला आहे. आगरकरांनीं १८८३ त हॅम्लेट मराठींत आणलें तें 'विकारविलसित' म्हणून. देवलांनीं १८९० त ऑथेल्लोला 'झुंझारराव' केलें. या मंडळींनीं वस्तु बदलली तेव्हां नांवहि बदललें. मूळ कोणाचें हें लपविलें नाहीं आणि नवें तें मूळ म्हणून खपविलें नाहीं. स्वयंपाकांतहि हाच न्याय लावावा. अननस घातलेली भाजलेली मॅकरोनी मुंबईच्या जेवणावळींत आतां चांगली रुजली आहे. तिला स्वतःची अशी एक चव आहे आणि ती मला वर्ज्य नाहीं. तिला खुशाल 'मुंबई' नांव द्या, 'मलबार हिल' द्या, आपल्या मावशीचें नांव द्या. परंतु तिच्या कपाळीं 'रशियन' हा टिळा लावूं नका. तो टिळा लावला कीं खऱ्या लाप्शेव्निकाची जागा अडते, आणि पुढें कोणीं तो नीट करून समोर ठेवला तर 'यांत चीज कां नाहीं ?' असा जाब त्यालाच विचारला जातो. खोटें नाणें खऱ्याला बाजारांतून हुसकून लावतें, हा नियम अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षालाच आम्ही शिकवितों.

येथें याच्या अगदीं उलट टोंकाच्या मंडळींचाहि समाचार घेतला पाहिजे. हे शुद्धतेचे सोंवळेकरी. खरा त्वोरोग हिंदुस्थानांत मिळत नाहीं, खरी 'स्मेताना' मिळत नाहीं, तेव्हां लाप्शेव्निक करूंच नये, असें ते म्हणतात. वरवर पाहतां हे माझ्या बाजूचे वाटतात. वास्तविक यांना स्वयंपाकघराची माहिती सुधारकांहूनहि कमी. त्वोरोग हा कांहीं खाणींत सांपडणारा धातु नव्हे. तो दुधाचा होतो, आणि दूध व विरजण ज्या घरांत आहे त्या घरांत तो होतो. मात्र तो चक्का नव्हे आणि पनीरहि नव्हे, हें समजून घेतलें पाहिजे. चक्क्यासाठीं आपण दही नुसतें टांगतों, त्याला आंच दाखवीत नाहीं. म्हणून चक्का मऊ व ओलसर राहतो आणि भट्टींत गेला कीं पाणी सोडतो. पनीरासाठीं उकळत्या दुधांत आंबट पिळतों. त्यामुळें तें घट्ट व चिवट होतें आणि त्याला दह्याची चव नसते. त्वोरोग या दोहोंच्या मधला. दूध दह्यासारखें विरजून घ्यावें. दही घट्ट लागलें कीं तें भांडें गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यांत ठेवून अगदीं मंद तापवावें. कडेनें हिरवट पिंवळें पाणी सुटूं लागतें व दह्याचे मऊ गठ्ठे एकत्र येतात. बोट घातलें तर चांगलें गरम लागावें, पण पोळूं नये. दही उकळलें तर रेतीसारखे कण होतात आणि मग त्याला इलाज नाहीं. तसेंच निवूं द्यावें, फडक्यांत ओतून पुरचुंडी टांगावी, आणि तीन-चार तासांनीं काढावी. गाईच्या ३ लिटर दुधाचा सुमारें ५०० ग्रॅम त्वोरोग उतरतो. म्हशीच्या दुधाचा अधिक.

स्मेतानेची गोष्ट तर याहूनहि सोपी. लोणी काढण्यासाठीं रोजची साय सांठवून तिला विरजण लावण्याची चाल मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती विरजलेली घट्ट साय, रवी लावण्यापूर्वींची, हीच जवळजवळ स्मेताना होय! ज्या वस्तूसाठीं सोंवळेकरी परदेशी दुकानें धुंडाळतात, ती आजीच्या सटांत झांकून ठेवलेली असते. तिला विचारलें असतें तर तिनें सांगितलें असतें. पण पुन्हा तेंच, चुलीपाशींच्या ज्ञानाला विचारतो कोण?

राहतां राहिली लाप्शा. उन्हाळ्यांत आपल्याकडे होणाऱ्या गव्हाच्या शेवया येथें चालतील का, असा प्रश्न सहज सुचतो. चालत नाहींत, असें माझें मत आहे. त्या केसासारख्या बारीक. दुधांत त्यांची खीर सुरेख होते, पण थरांत त्यांचा लगदा होतो. लाप्शेला चपटी पट्टी पाहिजे, म्हणजे तिच्या दोन्ही अंगांना त्वोरोग धरून राहतो. २०० ग्रॅम मैदा परातींत घेऊन त्यांत २ अंडीं व चिमूटभर मीठ घालावें, पाणी लागलेंच तर चमचाभर. पीठ घट्ट मळून अर्धा तास झांकून ठेवावें, आणि पुरणपोळीच्या हातानें नव्हे तर पापडाच्या हातानें लाटावें, म्हणजे पातळ. पोळी थोडी सुकूं देऊन, पीठ भुरभुरून तिची गुंडाळी करावी आणि धारदार सुरीनें करंगळीच्या निम्म्या रुंदीच्या पट्ट्या कापाव्या. त्या सुट्या करून रात्रभर फडक्यावर वाळवाव्या. ज्यांना इतका वेळ नाहीं त्यांनीं बाजारांतील चपट्या अंड्याच्या नूडल्स २५० ग्रॅम घ्याव्या. त्याला माझी हरकत नाहीं. मसाल्याची पुडी आंत घातलेलें पाकीट मात्र दुकानांतच राहूं द्यावें.

आतां मर्माची गोष्ट सांगतों; ती आमच्या छापील कृतींत मला कधीं दिसली नाहीं. इटालियन पद्धतीनें शेवया भरपूर पाण्यांत शिजवून पाणी ओतून देतात, म्हणजे प्रत्येक शेवई मोकळी राहते. लाप्शेव्निकाला मोकळी शेवई नकोच आहे. म्हणून येथें पाणी मोजून घेतात, १ किलो लाप्शेला दोन ते तीन लिटर. आपल्या २५० ग्रॅमांना सुमारें ७०० मिलिलिटर धरावें. मीठ घालून तें उकळावें, लाप्शा सोडून मंद आंचेवर शिजूं द्यावी आणि पाणी निथळूं नये. तें सारें तिच्यांतच जिरतें. पिठांतील जें सत्त्व एरवीं मोरींत जातें, तेंच थराला बांधून ठेवतें. त्यामुळें पांढऱ्या सॉसची गरज उरत नाहीं आणि चीजच्या तारांचीहि नाहीं. ज्याला 'सुधारणा' म्हणून मिरवितात, ती पुष्कळदां मूळ रीत ठाऊक नसल्यामुळें पडलेल्या भोंकाला लावलेलें ठिगळ असतें, तें असें.

शिजलेल्या लाप्शेंत ५० ग्रॅम लोणी घालून ती कोमट होऊं द्यावी. गरम असतांना अंडीं घातलीं तर तीं तेथेंच शिजून गांठी होतात. त्वोरोग चाळणींतून घासून काढावा. त्यांत ३ अंडीं, ३ चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ फेंटून तें लाप्शेंत कालवावें. साखर इतकीच, कारण हें मिष्टान्न नव्हे. गोडी आंबटपणाच्या पाठीमागें उभी राहिली पाहिजे. मनुका घालणारीं घरें रशियांत आहेत, न घालणारींहि आहेत. तेथें मी पंचाईत करीत नाहीं. भांड्याला आंतून लोणी फांसून सुख्या पावाचा चुरा सर्व बाजूंना लावावा, मिश्रण चार बोटें उंचीचें भरावें, माथा सपाट करून त्यावर विरजलेली साय पसरावी, आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टींत ३५ ते ४० मिनिटें भाजावें. माथ्यावर तांबूस डाग पडले आणि कडा भांड्यापासून किंचित् सुटल्या कीं बाहेर काढावें. लगेच कापूं नये. पंधरा मिनिटें थांबावें, नाहीं तर सुरीखालीं तो मोडतो आणि बिचाऱ्या स्वयंपाकिणीवर आळ येतो.

अंडें न खाणाऱ्या कुटुंबांचें काय ? त्वोरोगाच्या झापेकान्केंत रशियन बायका रवा घालतात, तो मिश्रणांतलें पाणी शोषून घेतो. लाप्शा विना-अंड्याची घेऊन दोन मोठे चमचे रवा मिसळला तर थर बराच धरतो, पण तुकडे अंड्याच्या थरासारखे ताठ राहत नाहींत व चवहि वेगळी होते. हें करावें, आनंदानें करावें. मात्र देवलांची चाल आठवून त्याला दुसरें नांव द्यावें.

नांवाच्याच प्रकरणांत आणखी एका चोरीचा उल्लेख केला पाहिजे. पूर्व युरोपांतील यहुदी घरांत 'लोक्शन कुगेल' नांवाचा शेवयांचा भाजलेला पदार्थ होतो. 'लोक्शन' आणि 'लाप्शा' हे शब्द एकाच तुर्की मुळाचे. या दोन्ही पदार्थांना एकाच टोपलींत टाकून 'रशियन कुगेल' असें लिहिणारे लेखक आहेत. सारखेपणा आहे हें खरें. परंतु यहुदी धर्मशास्त्रानें दूध आणि मांस एका जेवणांत निषिद्ध मानलें आहे. म्हणून तेथें सामिष जेवणाचा कुगेल दुधाविना होतो आणि छेन्याचा कुगेल वेगळ्या जेवणासाठीं राखलेला असतो. त्याचें स्थानहि वेगळें. तो शब्बाथचा आणि सणाचा मानकरी आहे. लाप्शेव्निक हा कोणत्याच सणाचा नव्हे. तो मधल्या वाराचा, उरलेल्या लाप्शेचा, घरांत पाव आणावयाला पैसे थोडे असलेल्या दिवसाचा पदार्थ आहे. त्याच्या अंगीं जो साधेपणा आहे तो मुलखाच्या थंडीनें, उपासांनीं आणि काटकसरीनें आलेला आहे; आणि नेमका तोच आम्हांला चीजखालीं झांकावासा वाटतो. ज्या वर्गानें शिळ्या पोळीचा कुस्करा आणि शिळ्या भाताचा फोडणीचा भात करून मुलांचीं शिक्षणें केलीं, त्याच वर्गाला दुसऱ्याची काटकसर पाहुण्यांपुढें मांडावयास लाज वाटावी, हें मला समजत नाहीं.

दुसऱ्या दिवसासाठीं निदान चार तुकडे बाजूला काढून ठेवावे, असें माझें प्रत्येक गृहिणीस व, करीत असतील तर, गृहस्थांसहि सांगणें आहे. रात्रभर थंड राहिल्यावर थर घट्ट बसतो आणि सुरी त्यांतून स्वच्छ जाते. सकाळीं ते तुकडे लोण्यांत मंद आंचेवर दोन्ही बाजूंनीं तांबूस परतावे. बाहेरचें कवच कुरकुरीत होतें आणि आंतला त्वोरोग पुन्हा मऊ होतो. त्यावर गार विरजलेली साय एक चमचा, आणि बरोबर दुधाविना काळा चहा.